हॉटेलचा फोन ‘चालू’ होता, फक्त वाजत नव्हता : दुरून ईपीएबीएक्सवर नजर ठेवण्याविषयी

बोरीपूल

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला धागा आज काढतोय. मी फोंड्याचा. हॉटेलं, दवाखाने आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले दोन कारखाने अशा मिळून १९ ठिकाणच्या टेलिफोन यंत्रणा (ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) मी सांभाळतो. एक टोक म्हापशाला, दुसरं काणकोणला. करमल घाट उतरून काणकोणला जायचं, यंत्र बंद करून चालू करायचं आणि परत यायचं, एवढ्यात दिवस संपतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळीकडे एसएनएमपी (यंत्राची हालहवाल दुरून विचारायची सोय) सुरू केलं आणि घरच्या एका संगणकावर लिब्रेएनएमएस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं. दर पाच मिनिटांनी ते प्रत्येक यंत्राची विचारपूस करतं. सकाळी चहा घेताना १९ हिरव्या चौकटी दिसल्या की मी निर्धास्त.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, कोलव्याच्या बाजूच्या एका हॉटेलात सोमवारी दुपारी बेळगावचं एक कुटुंब आलं. वर्षानुवर्षं तिथेच उतरणारी माणसं. काका काउंटरवर म्हणाले, “शुक्रवारपासून फोन लावतोय. अर्धा मिनिट काहीच नाही, मग टूं टूं. म्हटलं हॉटेल बंद पडलं असेल, म्हणून बाणावलीला खोली घेतली. वाटेवर होतं म्हणून डोकावलो.” रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्यासमोर रिसीव्हर उचलला. डायल टोन होता. तिने तिथूनच मला फोन केला, तोही लागला. “फोन तर चलता न्हय, दादा?” ती म्हणाली.

त्या वेळी माझ्या समोरच्या पडद्यावर त्या हॉटेलची चौकट हिरवीगार होती. यंत्र ८४ दिवस अखंड सुरू, प्रोसेसरवर ६ टक्के भार, चालू कॉल ३. काहीही खोटं नव्हतं. तरीही हंगामातले तीन दिवस बाहेरचा माणूस त्या हॉटेलपर्यंत पोचत नव्हता.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण हे कुणाकडेही होऊ शकतं. शुक्रवारी संध्याकाळी इंटरनेटवाल्यांचा माणूस जुना राउटर काढून नवा बसवून गेला. हॉटेलच्या लाईन एसआयपी ट्रंकवर आहेत, म्हणजे फोन कंपनीची बाहेरची लाईन इंटरनेटवरूनच येते. आतलं यंत्र बाहेर काही पाठवतं तेव्हा राउटर परतीच्या उत्तरासाठी एक खिडकी उघडी ठेवतो. जुना राउटर ती बराच वेळ उघडी ठेवत असावा, नवा अर्ध्या मिनिटात मिटायचा. आमचं यंत्र कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावायचं ३६०० सेकंदांनी एकदा. म्हणजे तासातला जवळजवळ सगळा वेळ खिडकी बंद. कंपनीचा सर्व्हर कॉल पाठवायचा, तो राउटरच्या बाहेरच आपटायचा. एसआयपीच्या नियमांत उत्तरासाठी ३२ सेकंद वाट बघायची मुभा आहे. काकांनी ऐकलेली अर्ध्या मिनिटाची शांतता ती हीच.

हॉटेलातून कुणी बाहेर फोन केला की खिडकी पुन्हा थोडा वेळ उघडायची, आणि तेवढ्यात आलेला कॉल आत शिरायचा. म्हणून शनिवारी-रविवारी मिळून चार-पाच कॉल आलेसुद्धा, आणि कुणाला शंका आली नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. दर २५ सेकंदांनी ट्रंककडे ‘ऑप्शन्स’ची चौकशी पाठवायची, म्हणजे खिडकी मिटतच नाही. ते सेटिंग सुरुवातीलाच करायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं, आणि मी मालकांना तसं सांगितलं.

पण मला खरं छळतंय ते हे की दोन वर्षं मी यंत्राची तब्येत बघत होतो, फोनची नाही. बंद पडलेला फोन तक्रार करत नाही. ज्याचा कॉल लागला नाही तो माणूसही तक्रार करत नाही, तो दुसरीकडे लावतो. तेव्हापासून मी मोजण्याच्या गोष्टीच बदलल्या. त्या खाली लिहितोच. तुमच्याकडे काय करता तेही सांगा.

मोगरा_डिचोली

दादा, आमचा आठ खोल्यांचा होमस्टे आहे. वाचून पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडेही हेच झालं असेल का, कळायला मार्ग नाही. एसएनएमपी म्हणजे नेमकं काय, ते माझ्यासारखीला समजेल असं सांगाल का?

बोरीपूल

ताई, नक्की. प्रत्येक यंत्रात एक छोटा निरोप्या बसलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. माझ्याकडचा संगणक त्याला प्रश्न विचारतो आणि तो आकड्यात उत्तर देतो. प्रश्न शब्दांत नसतो, पत्त्यात असतो. राज्य, तालुका, गाव, वाडा, घर असं उतरत जावं तसा आकड्यांचा पत्ता, ओआयडी. उदाहरणार्थ १.३.६.१.२.१.१.३.० या घरी ‘किती वेळ चालू आहेस’ याचं उत्तर राहतं. कुठल्या घरात काय आहे त्याची यादी म्हणजे एमआयबी. ती यंत्र बनवणारी कंपनी देते.

प्रश्न यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. यंत्र आपणहून ओरडलं तर तो ‘ट्रॅप’, तो १६२ वर येतो. ट्रॅप पोचल्याची पोच कुणी देत नाही, वाटेत हरवला तर हरवला. त्याचाच पोच मागणारा भाऊ म्हणजे ‘इन्फॉर्म’. आणि वीज कोसळून यंत्रच जळालं तर ओरडणार कोण? म्हणून नुसत्या ट्रॅपवर विसंबू नका. आपणच ठरावीक वेळाने विचारत राहायचं, उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजायचं.

माझ्या बहुतेक ठिकाणी ॲस्टेरिस्क (संगणकालाच एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर) आहे. त्याचं एसएनएमपीचं मॉड्यूल सुरू केलं की १.३.६.१.४.१.२२७३६ या फांदीखाली त्याची माहिती मिळते. शेवटी १.२.५.० लावलं की या क्षणी चालू असलेले कॉल, १.२.६.० लावलं की सुरू झाल्यापासूनचे एकूण कॉल. मी फसलो तो इथेच. एकूण कॉलचा आकडा त्या तीन दिवसांतही चढत होता, कारण खोलीतून किचनला केलेला फोनही त्यात धरला जातो. ‘दोन चहा पाठवा’ म्हणणाऱ्या पाहुण्यांमुळे माझा आलेख निरोगी दिसत होता. आणि ट्रंकची हजेरी लागली आहे की नाही, हे त्या एमआयबीत नाहीच.

म्हणून आता मी स्वतःचं घर बांधलं आहे. नेट-एसएनएमपीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या एजंटमध्ये, ‘एक्स्टेंड’ नावाची सोय असते. तुम्ही लिहिलेली छोटी स्क्रिप्ट चालवून तिचं उत्तर ती एका ओआयडीवर ठेवते. माझी स्क्रिप्ट कॉलच्या नोंदवहीतून एकच गोष्ट काढते : बाहेरून आलेल्या आणि उचललेल्या शेवटच्या कॉलला किती मिनिटं झाली. बाकी आलेख मी आता क्वचित उघडतो.

जांभाचिरा

वाचनखूण साठवली. मी पणजीत एका कार्यालयाचं नेटवर्क बघतो, सुरक्षेबद्दल थोडं लिहितो.

एसएनएमपीचं व्हर्जन १ आणि २सी यांत पासवर्डच्या जागी ‘कम्युनिटी’ नावाचा एक शब्द असतो आणि तो तारेवरून उघडा जातो. पुष्कळ यंत्रांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा येतो. वाचण्यासाठी पब्लिक, लिहिण्यासाठी प्रायव्हेट. ज्याला लिहिता येतं त्याला सेटिंग बदलता येतं, हे विसरू नका. व्हर्जन ३ चं प्रमाणित रूप २००२ चं आहे, त्यात नाव, पासवर्ड आणि सांकेतिकीकरण तिन्ही मिळतं. यंत्र देत असेल तर तेच घ्या, आणि दोन्ही कुलपं लावणारी ‘ऑथप्रिव्ह’ पातळी घ्या.

१६१ इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, व्हर्जन ३ असलं तरीही नाही. बोरीपूल, तुम्ही व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेला खाजगी बोगदा) वापरता का? की राउटरमधून भोक पाडलंय?

बोरीपूल

व्हीपीएनच. भोक पाडायचं म्हटलं तरी अर्ध्या ठिकाणी जमणार नाही, कारण तिथल्या ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवला आहे. तो आतून बाहेर माझ्या सर्व्हरकडे वायरगार्डचा बोगदा काढतो आणि दर २५ सेकंदांनी हाक देऊन तो उघडा ठेवतो. (राउटरची तीच खिडकी. बोगद्यासाठी हे मी पहिल्या दिवसापासून केलं होतं आणि फोनसाठी विसरलो, याचं फार वाईट वाटतं.) विचारपूस सगळी या बोगद्यातून. एजंटला लिहायची परवानगी कुठेच दिलेली नाही, फक्त वाचायची.

सत्तरीचा_पाऊस

म्हापशाच्या बाजूच्या एका दवाखान्यात आम्हाला उलटा अनुभव आला. फोन बंद नव्हता, रात्री फार चालू होता. एका एक्स्टेंशनचा पासवर्ड म्हणजे तोच एक्स्टेंशन नंबर. कुणीतरी बाहेरून तो धरला आणि शनिवारी रात्रभर परदेशी महागड्या नंबरांवर कॉल चालवले. सोमवारी कंपनीचा फोन आला तेव्हा कळलं. रक्कम लिहीत नाही, पण डॉक्टरांनी ती सहा महिन्यांत फेडली. तुमच्या पद्धतीत हे पकडता आलं असतं का?

बोरीपूल

आलं असतं, आणि त्याच एका आकड्यावर. चालू कॉलच्या ओआयडीला दिवसा आणि रात्री वेगळी मर्यादा लावायची. दवाखान्यात रात्री ११ ते सकाळी ६ एकाच वेळी दोनपेक्षा जास्त कॉल असायचं काही कारण नाही. तिसरा दिसला की माझा मोबाईल मोठ्याने वाजतो. पण दर पाच मिनिटांनी विचारणं या कामाला कमी पडतं, इथे मी दर मिनिटाला विचारतो.

पण सूचना म्हणजे इलाज नव्हे. आंतरराष्ट्रीय कॉलची गरज नसेल तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्या, एक्स्टेंशनचे पासवर्ड लांब आणि वेडेवाकडे ठेवा, आणि एसआयपीचं ५०६० पोर्ट फक्त ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांना उघडा. इंटरनेटवर ५०६० ठोठावत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. ॲस्टेरिस्कचा लॉग उघडून बघा, दिसतील.

कुंडईकार

आमच्या कारखान्यात जुना पॅनासोनिक केएक्स-टीडीए१०० आहे. तांब्याच्या लाईन, क्रोनवर (तारा जोडायच्या पट्टीवर) जंपर मारलेले, उत्तम चाललंय. एसएनएमपी वगैरे त्यात आम्ही काही लावलेलं नाही. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? नवा घ्यायला मालक तयार नाहीत, आणि मलाही तो काढावासा वाटत नाही.

बोरीपूल

काढू नका. तुमच्या यंत्राच्या मागे आरएस-२३२ चं पोर्ट असेल, बिल छापायला लावायचे ते. त्याला एसएमडीआर म्हणतात. प्रत्येक कॉल संपला की एक ओळ बाहेर पडते : तारीख, वेळ, एक्स्टेंशन, ट्रंक, नंबर, किती वेळ बोलले. त्या पोर्टला यूएसबीची तार लावून रास्पबेरी पाय जोडा, ओळी फाईलमध्ये साठवा, आणि वर सांगितलेली ‘एक्स्टेंड’ची युक्ती त्या फाईलवर चालवा. तुमच्या शेजारच्याच कारखान्यात मी हे केलं आहे. यंत्राला कळतही नाही की त्याच्यावर कुणी लक्ष ठेवलंय.

पीआरआय (कंपनीकडून येणारी डिजिटल) लाईन असलेल्यांनी गेटवेत, म्हणजे ती लाईन यंत्राला जोडणाऱ्या डब्यात, अशा लाईनसाठीचा डीएस१ चा एमआयबी आहे का बघा. त्यात लाईनच्या अवस्थेचा एक आकडा मिळतो. १ म्हणजे सगळं ठीक, ६४ म्हणजे सिग्नलच नाही, ३२ म्हणजे सिग्नल आहे पण फ्रेम जुळत नाही. आकड्यांची बेरीजही येऊ शकते. ६४ आला तर तार किंवा पलीकडचा मोडेम बघायचा, ३२ आला तर सेटिंग. घाट उतरण्याआधीच कुठलं हत्यार न्यायचं ते कळतं.

तांब्याच्या लाईनसाठी एक विनंती. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू होतो त्याआधी अर्थिंग मोजून घ्या. आपल्याकडे जांभा, उन्हाळ्यात तो इतका सुकतो की अर्थिंगचा खड्डा नावालाच राहतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी खड्ड्याचं झाकण उचललं तर आत पालापाचोळा आणि मुंग्यांचं वारूळ. पाणी घालायला कुणाला सांगितलंच नव्हतं. क्रोनवर जीडीटी (विजेचा झटका जमिनीत सोडणारे) बसवलेले होते, पण अर्थ नसेल तर ते बिचारे काय करणार? एसएनएमपी हे सांगत नाही, तिथे कंबर वाकवून झाकणच उचलावं लागतं.

कुंडईकार

अर्थिंगचं उद्याच बघतो. दुसरं एक विचारायचं राहिलं. आमच्या एका नेटवर्क स्विचने परवा रात्री ‘रिस्टार्ट झालो’ असं दाखवलं. वीज गेली नव्हती, यूपीएस ठीक, सुरक्षारक्षकाने कुणाला आत जाताना पाहिलं नाही. स्विच कधी बसवला ते रजिस्टरात बघितलं तर सुमारे सोळा महिने झालेले.

जांभाचिरा

स्विच रिस्टार्ट झालाच नाही! चालू असण्याचा वेळ तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि आकडा ३२ बिटांचा असतो. ४९७ दिवसांनी तो भरतो आणि शून्यापासून पुन्हा सुरू होतो. सोळा महिने म्हणजे तेवढेच. रक्षकाला सांगा, त्याची काही चूक नाही.

आणखी एक खाच. लिनक्सवर तो आकडा एजंट कधीपासून चालू आहे ते सांगतो, मशीन कधीपासून ते नव्हे. मशीनचा वेळ १.३.६.१.२.१.२५.१.१.० वर असतो.

कुंडईकार

आभार. रक्षकाला आत्ताच जाऊन सांगितलं. दोन दिवस तो घाबरलेला होता.

कऱ्हाडकर_पणजीत

धागा माहितीपूर्ण आहे, पण मला एक साधी शंका आहे. आठ खोल्यांच्या होमस्टेला एवढा डोलारा कशाला? रोज सकाळी मोबाईलवरून आपल्याच लँडलाईनला फोन लावून बघितला तर काम होत नाही का?

बोरीपूल

होतं. मोगराताई, तुम्ही आजपासून हेच करा, खर्च शून्य. फक्त घराच्या आतून वाय-फायवरच्या ॲपने नाही, मोबाईलच्या सिमवरूनच लावा, म्हणजे कॉल बाहेरून येईल.

मीही आता तेच करतो, फक्त यंत्राकडून. घरी एक जुना अँड्रॉइड मोबाईल पडून होता. त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घातली. सकाळी ७ वाजल्यापासून तो एकेका ठिकाणी मिस्ड कॉल देतो, आधी एका सिमवरून, मग दुसऱ्या. पलीकडचं यंत्र माझे दोन नंबर ओळखतं, घंटी वाजवत नाही, उचलत नाही, फक्त वेळ लिहून ठेवतं. ती वेळ ‘एक्स्टेंड’मधून माझ्याकडे येते. न उचललेल्या कॉलचे पैसे नाहीत. तांब्याच्या लाईनवर कॉलर आयडीची सेवा घेतलेली असावी लागते आणि काही ठिकाणी नंबर पहिल्या घंटीनंतर येतो, म्हणून तिथे एक घंटी वाजते. रिसेप्शनला सांगून ठेवलं की झालं.

‘शेवटच्या कॉलला किती मिनिटं’ ची मर्यादा मात्र हंगामाप्रमाणे बदलावी लागते. डिसेंबरात दिवसा ९० मिनिटं शांतता म्हणजे नक्की बिघाड. जुलैत, धो धो पावसात, दिवसाला चार कॉल आले तरी पुष्कळ. तिथे ९० ठेवलं तर रोज खोटी ओरड होईल, आणि खोट्या ओरडीची सवय लागली की खरी ऐकू येत नाही. मी पावसाळ्यात सहा तास ठेवतो आणि भरवसा मिस्ड कॉलवर.

यूपीएसबद्दल थोडक्यात : त्याला नेटवर्क कार्ड असेल तर १.३.६.१.२.१.३३ ही प्रमाणित फांदी बघा. बॅटरीवर चालू आहे का आणि किती मिनिटं उरलीत, दोन्ही मिळतं. उरलेल्या मिनिटांचा आकडा जुन्या बॅटरीत आशावादी असतो. तीन महिन्यांतून एकदा मेन बंद करून घड्याळ लावून बघाच.

मोगरा_डिचोली

आज सकाळी लावून बघितला. लागला. 🙂 नवऱ्याने विचारलं, “घरातूनच घरी कोणाला फोन?” त्यांनाही हा धागा वाचायला दिला. आता रोज ते लावणार आहेत.

बोरीपूल

अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

काल सकाळी ७:१२ ला काणकोणच्या ठिकाणी पहिल्या सिमचा मिस्ड कॉल नोंदला गेला. ७:१३ चा दुसऱ्या सिमचा नाही. बाकी सगळं हिरवं : ट्रंकची हजेरी लागलेली, बोगदा चालू, आदल्या रात्री ९:४० ला एक बाहेरचा कॉल उचललेला. मी हाताने लावून पाहिलं. पहिल्या सिमवरून घंटी. दुसऱ्यावरून ‘हा नंबर अस्तित्वात नाही’. शेजाऱ्यांचा मोबाईल त्याच दुसऱ्या कंपनीचा, त्यावरूनही तेच. म्हणजे बिघाड आमच्या यंत्रात नव्हता, दोन कंपन्यांच्या मधल्या वाटेवर होता. पहिल्याच कंपनीचं सिम वापरणाऱ्या मालकाला तो कधीच कळला नसता.

एरवी तक्रार केली की ‘लाईन तपासली, ओके आहे’ एवढंच उत्तर येतं. काल मी सांगू शकलो की परवा सकाळी ७:१३ ला कॉल आला होता, काल ७:१३ ला आला नाही, अमुक कंपनीकडून येत नाही, तमुककडून येतो, आणि ऐकू येणारी घोषणा ही. पलीकडच्या मुलाने दोन प्रश्न विचारले आणि तक्रार सरळ वर पाठवली. तोवर मालकांनी बुकिंगच्या पानावर आपला मोबाईल नंबर टाकला.

दुपारी ३:२० ला मी पुन्हा दोन्ही सिमवरून लावलं. दोन्ही नोंदले गेले.